कार्तिकातला गोलू

रघोजीनं आजवर लावलेली सगळी कुलपं एका जागी वितळवली तर मोठ्या देवळातल्या नंदीच्या गळ्यात शोभेल एवढी घंटा होईल, असं तंजावरात म्हणतात. लोकांना वाढवून सांगायची खोड असते. घंटा होईल, पण नंदीच्या एका कानात डुलण्याइतकीच.

रघोजी नगररचना कचेरीत इमारत निरीक्षक होता. परवान्याविना चाललेलं दुकान, राहत्या घरात थाटलेली खानावळ, जिन्याखाली भरलेला दवाखाना दिसला की आधी नोटीस, मग मुदत, मग कुलूप. कुलपाभोवती कापडाची पट्टी, पट्टीच्या गाठीवर तांबडी लाख, आणि लाख गरम असतानाच तीवर सरकारी शिक्का. हे करता करता त्याच्या बोटांना लाखेचा वास असा बसला होता की घरी तो ताटावर बसला की गायत्री, त्याची बायको, म्हणायची, "हात धुतलेत? मग भाताला पोस्टाचा वास कशाला येतो?"

त्याचा एक नियम होता. जिथं उद्या कुलूप लावायचं तिथलं आज पाणीसुद्धा प्यायचं नाही. खाल्ल्या मिठाला जागावं लागतं, आणि मिठाला जागायचं तर नोकरीला जागता येत नाही. नियम चांगला, पण तंजावरात परवान्याविना काय चालत नाही ते सांगा! कुठल्या कॉफीच्या दुकानाची पायरी रस्त्यावर आलेली, कुणाचा माळा नकाशात नाही, कुणाचा नकाशाच नाही. तेव्हा होत होत असं झालं की ज्या गावात पाहुण्याला पाण्याआधी कॉफी विचारतात, त्या गावात रघोजीला उन्हात घोटभर प्यायला दार उरलं नाही. तो घरून थर्मास न्यायचा आणि किल्ल्याच्या खंदकाच्या कठड्यावर बसून एकटाच प्यायचा. समोरच्या कॉफीवाल्याला त्याची दया यायची. पण बोलवावं तर उद्या कुलूप येईल, म्हणून तो तोंड फिरवून दूध वरखाली करत राहायचा.

अशी वर्षं गेली आणि रघोजी थकला. पायानं थकला, आवाजानं थकला. 'नियमाप्रमाणे' हा शब्द तर इतका थकला की तो निम्माच उच्चारायचा. लोक उरलेला समजून घ्यायचे. कार्तिक सरता सरता तो निवृत्त व्हायचा होता. आता या कचेरीची एक रीत होती. हातात एखादं मोठं प्रकरण लोंबकळत असलं तर माणसाला सुटूच देत नसत. हार आणलेला असतो, मिठाई उघडलेली असते, आणि तेवढ्यात कागद येतो : थांबा, चौकशी व्हायची आहे. मग तो माणूस ना कामावर, ना घरी. चौकशी संपेपर्यंत वर्षानुवर्षं रोज सही करायला येतो. असे तिघे-चौघे कचेरीच्या व्हरांड्यात बसलेलेच असत. एकाच्या टोपीत चिमणीनं घरटं केलं होतं म्हणतात. रघोजी जाता-येता त्यांच्याकडे बघायचा. त्याला मोठं काही नको होतं. त्याला घरी जाऊन निजायचं होतं.

आणि हातात नेमकं एक प्रकरण होतं. चंद्रमती मेस.

राजवाड्याच्या पश्चिम भिंतीमागं एक गल्ली आहे. इतकी अरुंद, की समोरून सायकल आली तर मोटारसायकलवाला आधी आपले आरसे मिटून घेतो. त्या गल्लीत चंद्रमतीअक्काचं घर, आणि घराच्या पुढच्या सोप्यात तिची मेस. नवरा गेला तेव्हा तिनं दोन बाकं टाकून इडली सुरू केली. मग पोंगल, म्हणजे तुपातली मूग-तांदळाची खिचडी, आलं, तिच्याबरोबर वांग्याचं पातळसर गोत्सु आलं, दुपारचं जेवण आलं, आणि शुक्रवारी आपल्या तंजावरी मराठी लोकांचं आंबट वरण. कोर्टातले कारकून, औषधांचे विक्रेते, सरस्वती महाल ग्रंथालयात पोथ्या उलटणारे चष्मेवाले, आणि बायको माहेरी गेलेला गावातला यच्चयावत पुरुष तिथं जेवायचा. आंबट वरणाच्या वासानं एकदा राजवाड्यातली वटवाघळं दुपारी जागी झाली होती, हे पाहिलेली माणसं अजून आहेत. विचारलंत तर नाही म्हणणार नाहीत.

अक्कानं परवाना मागितला नव्हता असं नाही. परवान्याला मंजूर नकाशा हवा. घर राजांच्या काळचं, तेव्हा नकाशे काढत नसत, भिंती बांधत. नवा नकाशा काढायचा तर मालकाची सही हवी, आणि कागदोपत्री मालक होता अक्काच्या सासऱ्याच्या आजोबांचा थोरला भाऊ. तो सही करण्याच्या स्थितीत नव्हता. शिवाय घर राजवाड्याला लागून, म्हणून पुराणवस्तूवाल्यांचं ना-हरकत पत्र हवं. ते म्हणत, आधी नगररचनेचा परवाना आणा. आणि नगररचना, म्हणजे रघोजी, म्हणे, आधी त्यांचं पत्र आणा. ही फुगडी बरीच वर्षं चालली होती आणि दोन्ही बाजूंना तिची सवय झाली होती.

पण उन्हाळ्यात त्याच गल्लीत एका घरात सिलिंडर पेटलं. माणसं वाचली, भिंत काळी झाली. अग्निशमनाचा बंब आला आणि गल्लीच्या तोंडाशी, गळ्यात घास अडकावा तसा अडकून घंटा वाजवत उभा राहिला. कुणीतरी कोर्टात गेलं. कोर्टानं विचारलं, या गल्ल्यांत परवान्याविना चुली किती, आणि बंद कधी करता? बाकीच्यांचं कसंही भागण्यासारखं होतं. कुणाला फलक काढायचा, कुणाला पायरी तोडायची. पण अक्काच्या सोप्यात मोठ्या शेगड्या होत्या आणि मागं सिलिंडरांची रांग. हे बंद करावं लागणार हे रघोजीला मनातून पटत होतं. तेच वाईट होतं. नियम खुळा असता तर त्याला थोडं हलकं वाटलं असतं.

नोटिशीची मुदत संपली ती नेमकी नवरात्राच्या पहिल्या दिवशी. रघोजी कुलूप घेऊन निघाला. बरोबर त्याच्या वरची अधिकारी, सहायक अभियंता अखिला. वयानं त्याच्या मुलीएवढी, डोक्यानं तरतरीत, आणि अजून 'नियमाप्रमाणे' हा शब्द पुरता उच्चारणारी. सोबत एक पोलीसबाई.

सोप्यात शिरले तर समोर गोलू.

तंजावरात नवरात्रात घरोघर गोलू मांडतात. पायऱ्यांची उतरंड, तिच्यावर पांढरं धोतर, आणि पायरीपायरीवर बाहुल्या : देव, राजे, वाणी-वाणीण, पोलीस, लग्नाची वरात. मधोमध मरपाची, म्हणजे तांबड्या लाकडाची राजा-राणीची जोडी, सासूकडून सुनेकडे आलेली. बाहुल्या बसल्या की देवी घरात आली. दिवा विझवायचा नाही, दार लावायचं नाही, बघायला आलेल्या बाईला हळदकुंकू, पानसुपारी आणि सुंडल, म्हणजे खोबऱ्याच्या फोडणीचे उकडलेले चणे, दिल्याखेरीज पाठवायचं नाही. दसऱ्याच्या रात्री घरातली थोरली बाई राणीला आडवी निजवते. ती निजली की गोलू संपला. ती उभी आहे तोवर देवी घरात आहे.

अक्कानं गोलू दरसालसारखा माजघरात नाही, सोप्यात मांडला होता. शेगड्यांच्या आणि बाकांच्या बरोबर मधे.

"ये गा रघोजी," अक्का म्हणाली. ती त्याच्या थोरल्या बहिणीच्या वर्गातली; त्याला शेंबडा पाहिलेली. "बरा आलास. बायकोला नाही आणलीस? ही कोण, तुझी मॅडम? ये गो बाई, कुंकू लावून घे."

"अक्का, मी नियमा..." रघोजी म्हणाला.

"होय की. तुझा नियम तू कर. मी कशाला नक्को म्हणूं? लाव कुलूप." अक्कानं दाराकडे हात केला. "देवी आत आहे, दिवा आत आहे. बाहेरनं लाव."

रघोजीनं अखिलाकडे पाहिलं. अखिलानं पोलीसबाईकडे पाहायला मान वळवली, तर पोलीसबाई जागेवर नव्हती. तिचे बूट होते. ती आत गोलूसमोर मांडी घालून बसली होती आणि अक्काची मोलकरीण तिच्या कपाळाला कुंकू लावत होती.

"सार," अखिला तमिळमध्ये हळूच म्हणाली, "आपण देवीला कोंडलं तर उद्या पेपरात काय येईल?"

"माझं नाव येईल, मॅडम. तुमचं आत लहान अक्षरात येईल."

"माझी आई ते लहान अक्षरातलंच आधी वाचते," अखिला म्हणाली. मग तिनं चप्पल काढली. "दसऱ्यानंतर लावू."

"पण इथं धंदा तर चालूच आहे," रघोजी म्हणाला. बाकांवर चार कारकून पोंगल खात होते.

"धंदा कुठचा?" अक्का म्हणाली. "गोलू बघाय आलेत बिचारे. आल्या माणसाला जेवण नक्को? देवीसमोर ताटलीत काय टाकतात ते त्यांचं त्यांना ठावूक."

कारकुनांनी एकदम हात जोडून बाहुल्यांना नमस्कार केला. एकाच्या बोटाला तूप होतं.

दसरा झाला. रघोजी कुलूप घेऊन पुन्हा गेला. राणी उभी.

"अक्का, दसरा झाला की."

"झाला की."

"मग राणीला निजवली नाही?"

"आमच्या घरची रीत निराळी. राणीला झोप येईल तेव्हा निजवायची." अक्कानं राणीच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "आली असं वाटत नाही. तुला वाटतं?"

लाकडी राणीचे डोळे टक्क उघडे होते. तंजावरच्या कुठल्याच नियमावलीत बाहुलीची झोप कुणी तपासावी हे लिहिलेलं नव्हतं. रघोजी परत आला.

दिवाळी आली तरी राणी उभी. ईशान्येचा पाऊस लागला, गल्लीत घोट्याएवढं पाणी झालं, राणी उभी. आणि साथ पसरावी तशी ही गोष्ट गल्लीत पसरली. समोरच्या सतीशकुमारचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. फलक गल्लीत पुढं आला होता म्हणून त्यालाही नोटीस होती. त्यानं फुटक्या फोनांच्या खोक्यांच्या पायऱ्या करून गोलू मांडला. राजा नव्हता म्हणून एका जुन्या लँडलाइनला फेटा बांधला. पलीकडच्या दातांच्या डॉक्टरानं कवळ्या उतरत्या क्रमानं लावल्या आणि वर गणपती बसवला. शिंप्यानं कपडे बेतायचे पुतळे उभे केले. त्यांना डोकी नव्हती, तरी त्यांच्यापुढं नारळ फोडला. भर कार्तिकात त्या गल्लीतून जावं तर दुतर्फा दिवे, घंटा, आणि उकडलेल्या चण्यांचा वास. एक म्हातारा त्या गल्लीत शिरला आणि बाहेर येऊन त्यानं पंचांग फाडून टाकलं, असं ऐकिवात आहे.

रघोजीला दारोदार सुंडल घ्यावं लागे. कॉफीला नाही म्हणता येतं, प्रसादाला कसं म्हणायचं? इतकी वर्षं जपलेलं तोंड चण्यांनी बाटलं. चणे, वाटाणे, हरभऱ्याची डाळ, चवळी. घरी येऊन तो पोटावर हात ठेवून पडे.

"किती दिवस राहिले तुमचे?" गायत्री विचारायची.

"दिवस आहेत. राणीला झोप नाही."

"अहो, मग तुम्ही तरी घ्या."

मग एक गंमत झाली. आधी सतीशकुमारच कचेरीत आला. डोळे खोल गेलेले, शर्टावर खोबरं.

"सार, फलक काढला मी. येऊन बघा. नोटीस मागं घ्या."

"का रे? गोलू आहे की तुझा."

"नको तो गोलू, सार! रोज संध्याकाळी बायका येतात. गल्लीतल्या, गल्लीपलीकडच्या. प्रत्येकीला कुंकू, प्रत्येकीला सुंडल. ती गाणार, आपण हात जोडून ऐकणार. एवढ्यात एक फोन उघडलेला नाही मी. रात्री चणे भिजत घालतो, पहाटे उकडतो. माझी बायको म्हणते, फलक ठेव नाहीतर मला ठेव."

पाठोपाठ दातांच्या डॉक्टरानं पायरी तोडली. शिंप्यानं पत्र्याची पडवी उतरवली आणि त्या जागी बसून हुश्श केलं. कोर्टाच्या हुकुमानं झालं नव्हतं ते चण्यांनी केलं.

रघोजी खंदकाच्या कठड्यावर बसून बराच वेळ विचार करत राहिला. मग घरी आला आणि गायत्रीला सहज म्हणाला, "चंद्रमतीअक्काचा गोलू काय जागृत आहे म्हणतात. कार्तिकातसुद्धा देवी हलली नाही. नवस बोलणाऱ्यांची लग्नं जमतायत."

"कुणाची जमली?"

"जमतायत, असं म्हणतात."

एवढं पुरलं. गायत्रीनं ते देवळात सांगितलं. देवळानं बाजारात सांगितलं. बाजारानं काय काय सांगितलं कोण जाणे, पण आठवडाभरात अक्काच्या दारात बायकांची रांग राजवाड्याच्या घड्याळ-मनोऱ्यापर्यंत गेली. कुंभकोणहून बस आली. उपवर मुलींच्या आया आल्या, उपवर मुली आल्या, आणि त्यांना बघायला मुलांच्या आया आल्या. त्यामुळं खरंच एक-दोन लग्नं जमली आणि रांग वाढली. तिरुवैयारुहून एक गाणं शिकवणारी बाई आपला सगळा वर्ग घेऊन आली. गोलूपुढं प्रत्येक मुलगी गायली, आणि एकीनंही शेवटचं कडवं गाळलं नाही. सगळ्यांना सुंडल. पावसानं अडकलेल्यांना जेवण. शेवटी चण्यांचा भाव पार ओरत्तनाडूच्या बाजारापर्यंत चढला.

कचेरीत रघोजीला व्हरांड्यातल्या टोपीवाल्याकडे बघवत नव्हतं आणि स्वतःकडेही नाही. नोकरीत त्यानं पुष्कळ दारं बंद केली होती, पण असं कुणाला दमवून मारलं नव्हतं. याच्याविरुद्ध नियम नव्हता, हीच त्यातली खोट होती.

निवृत्तीला मोजके दिवस राहिले तेव्हा एका संध्याकाळी तो एकटाच गेला. पाऊस जोरात होता, म्हणून रांग नव्हती. सोप्यात दिवे होते, बाकं रिकामी होती, आणि चंद्रमतीअक्का खांबाला टेकून उभ्या-उभ्याच झोपली होती. हातात सुंडलाचा डाव तसाच. पाय घोट्यापाशी सुजून पायलीसारखे झाले होते. पायरीवर राणी टक्क जागी.

रघोजीनं डाव अलगद काढून घेतला. अक्का दचकली.

"कोण? कुंकू..."

"मी आहे, अक्का. मला कुंकू नको. बसा."

ती बाकावर बसली. मोलकरीण ताप येऊन घरी गेली होती. रघोजीनं कळशीतलं पाणी काढून तिला दिलं, आणि मग स्वतःही एक पेला प्यायला.

"प्यालास?" अक्का म्हणाली. "आमच्या घरचं पाणी पीत नव्हतास तू."

"तहान लागली."

"तुझ्या बायकोला तूच लावून दिलीस, होय की नाही?"

रघोजीनं रिकामा पेला कळशीवर उपडा ठेवला.

"मला त्याच दिवशी कळलं. गायत्री जन्मात कुठं गात नाही. ती येऊन गोलूपुढं गायली. इतकी वाईट गायली की म्हटलं, हिला कुणीतरी धाडलंय."

रघोजी हसला. अक्काही हसली, पण हसताना तिचे डोळे मिटत होते.

"चुकलं माझं, अक्का."

"सोड. माझं तरी कुठं बरोबर होतं?" तिनं पाय वर घेऊन चोळायला घेतले. "तुला एक सांगूं? तू नोटीस चिकटवून गेलास ना, त्या दिवशी मला बरं वाटलं. आत जाऊन चुलीपाशी बसले आणि वाटलं, चला, सुटले. मग असा राग आला! बरं वाटलं, त्याचाच राग आला. नवरा गेल्यावर ज्या चुलीनं पोसलं ती बंद व्हायची, आणि मला मेलीला बरं वाटतं? मग उठले, आणि नवरात्र आलं तसा गोलू सोप्यात मांडला."

"हरिता केव्हाची बोलावते ना तुम्हाला?" हरिता तिची मुलगी, ओरत्तनाडूला शाळेत शिकवायची.

"बोलावते की. पण मुलीनं सांगितलं म्हणून चूल कोण विझवतं? त्या कोर्टातल्या म्हाताऱ्या कारकुनाला आंबट वरण कोण घालेल? रोज पहाटे वाटतं, आज नक्को. आणि रोज पहाटे हात आपोआप तांदूळ धुतात. देहाला म्हटलं, जरा आजारी तरी पड, म्हणजे अस्कं, सगळंच, आपोआप थांबेल. तोही पडेना. मी थकले, हे आपल्या तोंडानं म्हणायची लाज वाटते रे. सरकार म्हणालं तर बरं असतं."

"सरकार म्हणालंच की, अक्का. केव्हापासून दारात उभं आहे."

"उभं आहे, पण कसलं सरकार ते! बाहुलीला भितं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "तूही थकलास ना?"

"खूप," रघोजी म्हणाला. हे तो गायत्रीजवळही एवढं सरळ बोलला नव्हता.

बाहेर पन्हाळी वाहत होत्या. मग अक्का खांब धरून उठली, पायऱ्यांपाशी गेली, आणि राणीला दोन्ही हातांनी उचलून, खाली पदर पसरून, बाळाला ठेवावं तशी आडवी ठेवली. राजा एकटाच उभा राहिला. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

"उद्या बाहुल्या गुंडाळते," ती म्हणाली. "परवा ये. सकाळी नक्को, सकाळी कारकुनांना पोंगल सांगितलंय. दुपारी ये."

तिसऱ्या दिवशी दुपारी रघोजी आला. अखिला आली, तीच पोलीसबाई आली. गॅसवाल्यांनी सिलिंडरं नेली होती. शेगड्या घासून उपड्या ठेवल्या होत्या. बाहुल्यांच्या पेट्या मागच्या खोलीत, अक्काची पिशवी ओट्यावर, आणि हरितानं पाठवलेली रिक्षा गल्लीच्या तोंडाशी. सतीशकुमार ती घेऊन आत यायला निघाला होता, पण ती आत येईना. तो तिला शिव्या देत होता.

बातमी कुणी दिली नव्हती, तरी गिऱ्हाईकं जमली. कोर्टाचा म्हातारा कारकून, छत्री मिटून, ओल्या भिंतीला लागून उभा होता.

"मॅडम, एक दिवस पुढं ढकला ना," तो अखिलाला म्हणाला. "उद्या शुक्रवार आहे."

"आजोबा, कोर्ट तुमचंच आहे. तुम्हीच तिथं सांगा," अखिला म्हणाली, पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

"मी सांगितलं तर ते माझी सही मागतील," कारकून म्हणाला. "बंद करायच्या कागदावर मीच शिक्का मारलाय." मग तो अक्काकडे वळला. "चंद्रमती, मग मी कुठं जेवूं?"

अक्काचा हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला. रघोजीनं पाहिलं. लाखेची कांडी मेणबत्तीवर धरलेली, वितळून टपकायला आलेली, आणि अक्काचे डोळे दाराच्या फटीतून आत, उपड्या शेगड्यांकडे. बोलावं तर काय बोलणार, त्याचा तो एकच शब्द, तोही निम्मा.

अक्कानं किल्ल्यांवरचा हात काढला आणि त्याच हातानं म्हाताऱ्याच्या छत्रीवरचं पाणी झटकलं.

"घरी भात शिजव की," ती म्हणाली. "एवढे कागद शिजवलेस, भात नाही जमायचा?"

मग ती रघोजीजवळ आली आणि त्यानं कुलपाभोवती गुंडाळलेली कापडाची पट्टी चिमटीत धरून ओढून पाहिली. पट्टी जरा हलली.

"असं सैल काय बांधतोस?" ती पुटपुटली. "घट्ट बांध गा. पहाटे हात तांदूळ धुवाय निघतील. सैल राहिलं तर उद्या परत येऊन मीच उघडीन."

रघोजीनं गाठ सोडली. पट्टी पुन्हा दुहेरी घेतली, पाय दाराला लावला आणि सगळा जोर करून आवळली. अक्कानं गाठीवर बोट धरलं. त्यानं तिच्या बोटाशेजारी लाख ओतली, बोट निघाल्यावर शिक्का दाबला, आणि ती थंड होईपर्यंत दोघं तिच्यावर फुंकर घालत उभी राहिली.